बसण्याचा हक्क आणि धावण्याचा हक्क

आपल्या चळवळीत शिक्षणाइतकी चर्चा दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाची झालेली नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु ही चर्चा बहुतेक वेळा शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा आणि अभ्यासक्रम यांच्याभोवती फिरत राहते. म्हणजे मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले की मग आपण त्याच्या शिक्षणाकडे वळतो. तीन ते सहा या वयाचा प्रश्न आपल्या नियतकालिकांतून, शिबिरांतून, ठरावांतून जवळजवळ येतच नाही. तो बायकांचा, अंगणवाडीताईचा, फार तर आहाराच्या पाकिटाचा प्रश्न, असे आपण धरून चाललो आहोत. या लेखात मला त्या वयातल्या एकाच गोष्टीविषयी लिहायचे आहे. ती गोष्ट म्हणजे मुलाची हालचाल, त्याचे उघड्यावरचे खेळणे. विषय किरकोळ वाटेल. तो तसा का नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबची. घरात पदवी घेणारी पहिलीच, आता महाविद्यालयात शिकवते. आमचा भाग कापसाचा, अलीकडे सोयाबीनचा. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बायांची लेकरे एक तर धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत वाढतात, नाही तर घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर. गेल्या काही वर्षांत याच भागात तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या खेड्यांतून 'कॉन्व्हेंट' निघाली. आमच्याकडे कॉन्व्हेंट या शब्दाचा ख्रिस्ती मठाशी काही संबंध उरलेला नाही. नर्सरी, केजी वन, केजी टू असे वर्ग, इंग्रजी फळा, टाय आणि दप्तर असले की ते कॉन्व्हेंट. त्यातली कित्येक दोन खोल्यांत भरतात. अंगण नसते, असले तर तिथे ऑटो उभे राहतात. आमच्या वस्तीतला रोजमजुरी करणारा बापही पोटाला चिमटा घेऊन तिथली फी भरतो. 'पोरगं काय शिकलं?' असे विचारले तर जे उत्तर मिळते ते मी अनेक घरांतून ऐकले आहे: 'आता एका जागी बसते.' हे उत्तर अभिमानाने दिलेले असते.

या अभिमानाला हसणे सोपे आहे. बालशिक्षणावर बोलणारे शहरी तज्ज्ञ हसतातही. पण तो अभिमान कुठून आला हे त्यांना ठाऊक नसते. आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास हा बसण्याच्या जागेचा इतिहास आहे. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वर्गातल्या इतर मुलांबरोबर बसता येत नव्हते. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल तर पाण्यावाचून राहावे लागे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीतल्या अनेकांनी शाळेचा ओटा पाहिला, वर्ग पाहिला नाही. वर्गात, रांगेत, बाकावर, इतरांच्या शेजारी बसायला मिळणे हाच ज्यांच्यासाठी विजय होता, त्यांच्या नातवंडांना 'मुलाला बाकावरून उठवा, अंगणात सोडा' असे सांगितले तर त्यांना त्यात कट दिसतो. माती आमच्या वाट्याला होतीच, पाटी नव्हती. आता पाटी हाती आली तर तुम्ही पुन्हा मातीत पाठवता काय? हा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

उत्तराचा पहिला भाग असा की, वर्णव्यवस्थेने आपल्याकडून बसण्याची जागाच तेवढी हिरावली नाही. चालण्याची, धावण्याची, कुठेही जाण्याची मोकळीकही हिरावली. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आपलीच पावले पुसत चालावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात नोंदवले आहे. म्हणजे आपल्या पावलाचा ठसासुद्धा जमिनीवर नको होता. १९२४ साली त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह झाला तो मंदिराभोवतालच्या रस्त्यावरून नुसते चालता यावे म्हणून. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे चालत चवदार तळ्यावर गेली. पाणी पिण्याच्या आधी ते चालणे होते. या व्यवस्थेचे प्रशिक्षण मुलाला पाटी हाती येण्यापूर्वीच मिळते. 'तिकडे जाऊ नको', 'त्यांच्या अंगणात पाय टाकू नको', 'देवळासमोर धावू नको', 'मालक आला, उभा राहा'. चार वर्षांच्या लेकराला जात समजत नाही, पण कुठे आखडायचे ते त्याच्या अंगाला समजते. पुढे तेच मूल माझ्या वर्गात येते. गुण चांगले असतात, परंतु प्राचार्यांच्या खोलीच्या दाराशी त्याचे खांदे आत ओढले जातात. हे आखडणे भाषणांनी जात नाही, कारण ते शब्दांतून आलेलेच नसते.

मैदानही या व्यवस्थेतून सुटले नव्हते. पाळवणकर बाळू हा चांभार समाजात जन्मलेला गोलंदाज पुण्याच्या मैदानाची देखभाल करता करता इंग्रजांना नेटमध्ये गोलंदाजी करू लागला. हिंदूंच्या संघात त्याला घ्यावे लागले, कारण त्याच्यावाचून जिंकता येत नव्हते. खेळताना तोच चेंडू सर्वांच्या हाती जाई, पण चहाच्या वेळी बाळूचा चहा वेगळ्या पेल्यात, बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी संघाचे नेतृत्व त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. मैदान आपोआप समता आणत नाही, हे यातून दिसते. पण चेंडू सर्वांना शिवला, हेही दिसते. मैदानावर जाणेच नाकारले असते तर विठ्ठलपर्यंतची वाट उघडली नसती.

आता उत्तराचा दुसरा भाग, आणि तो शास्त्राचा आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल हलते तेव्हा नेमके काय घडते?

शरीरात मोठे स्नायू आधी तयार होतात, बारीक नंतर. पाठ, खांदा, दंड यांना बळ आले की मग मनगट स्थिर होते, आणि मनगट स्थिर झाले की बोटांत पेन्सिल धरता येते. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात, आणि एकेक करून त्यांचे हाड होत जाते. ही क्रिया पूर्ण व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून रेघांच्या वहीत पानेच्या पाने अक्षरे काढून घेणे म्हणजे भिंत उभी राहण्यापूर्वी छप्पर चढवणे. जे मूल फांदीला लोंबकळले, ज्याने माती उकरली, पाणी भरलेला गडू सांडू न देता नेला, चिखलाचे बैल केले, त्याची बोटे लिहायला तयार होत असतात. आपल्याला ते खेळणे दिसते, लेखनाची तयारी दिसत नाही.

दुसरी गोष्ट तोलाची. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती झोके, गिरक्या, उड्या, लंगडी, उतारावरून धावणे यांतून पक्की होते. तोल पक्का झालेले मूल बाकावर स्थिर बसू शकते. ज्याला हलू दिले नाही ते मूल बसल्या जागी चुळबुळ करते, आणि आपण त्याला खोडकर ठरवून चापट मारतो.

तिसरी गोष्ट विचाराची. वर-खाली, आत-बाहेर, मागे-पुढे, जवळ-लांब, जड-हलके हे शब्द फळ्यावरून कळत नाहीत. मूल बाजेखाली शिरते तेव्हा त्याला 'खाली' कळते. लगोरीचे सात दगड रचताना सात ही संख्या हाताला कळते. पुढे भूमितीत नि बीजगणितात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला आपण शिकवणी लावतो. त्या अडखळण्याची एखादी मुळी या वयातल्या उपासमारीत असते, आणि ही उपासमार अनुभवांची असते.

चौथी गोष्ट संयमाची. 'स्टॅच्यू' म्हटल्याबरोबर थांबणे, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणे, बाद झाल्यावर बाजूला होणे, हे सगळे मूल स्वतःहून पाळते, कारण नाही पाळले तर खेळ मोडतो. छडीच्या धाकाने आलेली शिस्त छडी असेपर्यंत टिकते. खेळातला नियम मुलाने स्वतः मान्य केलेला असतो. लोकशाहीची पहिली ओळख याहून वेगळी काय असणार?

याशिवाय उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व आहे. दिवसाच्या उजेडात रोज बाहेर राहणाऱ्या मुलांत जवळची दृष्टी जडण्याचे प्रमाण कमी राहते, हे चीन आणि तैवानमधल्या अभ्यासांतून पुढे आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांतली किमान ६० मिनिटे दम लागेल अशी असावी, आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नसावे, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या कॉन्व्हेंटच्या वेळापत्रकाशी हे ताडून पाहावे.

यावर कार्यकर्ते मला एक आक्षेप ऐकवतात: 'मॅडम, ज्या लेकराच्या पोटात अन्न नाही त्याला धावायला काय सांगता?' आक्षेप रास्त आहे. कुपोषणाचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात पुस्तकातला नाही. पण आधी पोट, मग खेळ, असा क्रम लावणे चूक आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ गरीब बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना दोन वर्षे पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्याला जाऊन आईसह खेळ घेतले, काहींना दोन्ही दिले, काहींना यांतले काहीच नाही. आहाराने विकासात फरक पडला, खेळानेही पडला, आणि दोन्ही मिळालेल्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली झाली. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळ मिळालेल्या गटाची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिने द्यायची याचे प्रमाण ठरलेले आहे. ते मिळालेच पाहिजे, आणि त्याबरोबर खेळही मिळाला पाहिजे. घास देऊन मुलाला चटईवर बसवून ठेवणे हा अर्धाच न्याय झाला.

दुसरा आक्षेप असा: 'आमची पोरे दिवसभर मातीतच असतात. त्यांना खेळ काय शिकवायचा?' इथे दोन गोष्टींची गल्लत होते. वाऱ्यावर सोडलेले मूल आणि खेळणारे मूल यांत फरक आहे. पाच वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते तेव्हा ती घराबाहेर असते, पण ती खेळत नसते, काम करत असते. मी स्वतः असे काम केले आहे. इतर मुली लंगडी खेळत आणि मी भावाला सांभाळत कडेला उभी राहून बाद कोण झाले ते सांगत असे. शिवाय ती मातीही आता पूर्वीची राहिली नाही. गायरानावर अतिक्रमण झाले, गल्लीत सिमेंटचा रस्ता आला आणि त्यावर मोटारसायकली आल्या. पळसाच्या, कडुलिंबाच्या ज्या झाडांवर डाबडुबली खेळत, त्यांतली कितीतरी तुटली. रडणाऱ्या लेकराच्या हातात मोबाइल देणे आता मजुराच्या घरातही रूढ झाले आहे. खेळाला सुरक्षित जागा, ठरलेली वेळ, चार साधने आणि लक्ष ठेवणारे मोठे माणूस लागते. हे सर्व श्रीमंताच्या मुलाला विकत मिळते. आपल्या मुलाला ते सार्वजनिक व्यवस्थेतूनच मिळू शकते.

ही कल्पना मुळात श्रीमंतांची नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. मारिया मॉन्टेसरींचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेंझो या कामगारवस्तीत उघडले. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब भागात रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी १९१४ साली उघड्या हवेतली बालशाळा काढली. तिची मुख्य जागा बाग होती, खोल्या दुय्यम होत्या. गरिबांच्या लेकरांसाठी निघालेली पद्धत पुढे महागड्या शाळांची पाटी झाली, आणि गरिबाच्या वाट्याला घोकंपट्टी उरली. हा उलटा प्रवास आपण समजून घेतला पाहिजे.

महाराष्ट्रात ताराबाई मोडकांना हे उमगले होते. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत वाटा उचलून, मुंबईत मध्यमवर्गीयांच्या मुलांत नाव मिळवून त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघांच्या साथीने ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तिथे त्यांना दिसले की दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत. मग मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, असे ठरवून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले, दगड घेतले. १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम वाढले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. आज देशभर रूढ असलेला अंगणवाडी हा शब्द आपल्या वस्तीच्या अंगणातून निघाला आहे. त्यात 'अंगण' पहिले आहे, हे विसरता कामा नये.

त्याच १९४५ साली, ८ जुलै रोजी, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ, १९५० साली औरंगाबादला मिलिंद ही महाविद्यालये उभी राहिली. मोक्याच्या जागा हाती यायच्या तर उच्च शिक्षण आधी, हा त्यांचा निर्णय त्या काळात अचूक होता. माझ्यासारखी मुलगी आज महाविद्यालयात उभी आहे ती त्यामुळेच. परंतु वरचा मजला बांधून झाल्यावर पायाकडे पाहण्याचे काम पुढच्या पिढ्यांचे होते, आणि ते आपण सरकारी योजनेवर सोडून दिले.

ती योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले धारणी त्यांत होते. एकात्मिक बालविकास सेवेच्या सहा सेवांत शालापूर्व शिक्षण ही एक सेवा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४५ मध्ये घातले. मूलभूत हक्क मात्र सहा ते चौदा वयालाच दिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण सांगितले आहे, पण ज्या वयाला त्याची सर्वांत जास्त गरज ते वय त्या कायद्याच्या हक्काबाहेर राहिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नव्या अंगणवाड्या देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे असे म्हटले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ हाच शिक्षणाचा गाभा मानला आहे. कागद आपल्या बाजूचा आहे. अंगण मात्र जागेवर जाऊनच मोजावे लागेल.

आणि ते मोजताना अंगणवाडी सेविकेवर सगळा दोष टाकू नये. आहार, वजने, लसीकरण, नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती, यांतून तिने खेळ कधी घ्यावा? तिला सरकार मानधन देते, पगार देत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क तिला आहे एवढे ठरायलासुद्धा २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागले. तिचा लढा आणि लेकरांच्या खेळाचा लढा एकच आहे.

खेळाविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची. मराठीत एकमेकांना हात लावून पळण्याच्या खेळाला शिवाशिवी म्हणतात. ज्या शब्दाने आपल्याला गावाबाहेर ठेवले त्याच मुळाचा हा शब्द. जातीच्या शिवाशिवीत शिवणारा दोषी ठरतो. खेळात शिवल्यावाचून खेळच होत नाही, आणि ज्याला शिवले तो लगेच दुसऱ्याला शिवायला धावतो. फुगडीला हात धरावा लागतो, साखळीला धरावा लागतो. वस्तीतली, गावातली, तांड्यावरची मुले चौथ्या वर्षी एकाच रिंगणात हात धरून फिरली, तर त्यांच्या हातांना जी सवय लागेल ती सहाव्या वर्षानंतर नागरिकशास्त्राच्या धड्याने लागत नाही. मात्र हे रिंगण मुद्दाम घडवावे लागते. जातवार अंगणवाड्या आणि फी-वार कॉन्व्हेंट यांत ते घडणार नाही.

मग करायचे काय? आमच्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणून अंगणवाडीचा पहिला तास सकाळीच उघड्यावर, झाडाच्या सावलीत घ्यावा. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते. त्या दिवसांत पडवीत झोका, दोरीवरच्या उड्या, चिखलकाम घ्यावे. वाळूचा ढीग, जुने टायर, दोर, बांबू, पाण्याची टाकी यांना फार पैसा लागत नाही. विंचूकाट्यासाठी जागा रोज झाडून घ्यावी, कुंपण घालावे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन धावणारी मुले आपण एक दिवस कौतुकाने पाहतो. तो दिवस रोजचा करता येतो. ज्या वस्तीत बुद्धविहार आहे तिथे विहाराचे अंगण सकाळी सर्व जातींच्या लहान मुलांसाठी उघडावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन सकाळ द्याव्यात. मुलींना खेळात अर्धी जागा मिळते की नाही, आणि धाकट्याला कडेवर घेऊन कोणी बाजूला उभी तर नाही, हे पाहावे. पालकांना खेळाचे तत्त्वज्ञान सांगू नये. मातीत बोटांनी रेघ ओढणारे त्यांचे लेकरू दाखवावे आणि हीच पुढे अक्षराची रेघ होते हे समजावून द्यावे. इंग्रजीला विरोध करू नये. ती आपल्याला हवीच आहे. पण उड्या मारत मोजलेले वन-टू-थ्री वहीतल्यापेक्षा लवकर पक्के होते, हेही सांगावे.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतात. अंगणवाडी योजनेचाही तोच वर्धापनदिन. त्या सभेत आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने उठून तीन प्रश्न विचारावेत आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत: आमच्या वस्तीत अंगणवाडी आहे काय? तिला अंगण आहे काय? आणि त्या अंगणात लेकरे रोज किती वेळ धावतात?